सभासद घ्यावी की चिटणीस? पहिली बखर निवडताना

कादंबऱ्या वाचून झाल्या, सिनेमे बघून झाले, गडांवर जाऊन गाइडच्या तोंडून तीच गोष्ट चार प्रकारे ऐकून झाली आणि आता एकदा मुळात काय लिहिलंय ते बघूच असं ज्यांना वाटायला लागलंय, त्यांच्यासाठी हे. शिवाजी महाराजांवरची मध्ययुगीन साधनं ढीगभर आहेत, पण घरी बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचता येतील अशी म्हटलं की गाडी फिरून फिरून दोन बखरींवर येते, सभासदाची आणि चिटणिसांची. मग एखादा जाणकार ‘आधी शिवभारत वाचा हो’ म्हणून तिसरं नाव टाकतो आणि गोंधळ पूर्ण होतो. मी तिन्ही वाचलीत, काही भाग परत परत, आणि आधी कुठलं घ्यावं याबद्दल माझं मत झालेलं आहे. इतिहासकार वगैरे मी नाही, मोडी अडखळत वाचतो, तेव्हा एका वाचकाचं मत एवढ्याच वजनाने घ्या.

बखर म्हणजे जुन्या मराठी गद्यात लिहिलेला इतिहासाचा वृत्तान्त, एवढं पुरे; इतिहाससंशोधक राजवाडे बखरींवर एवढे का उखडले होते, साधन म्हणून पत्रं मोठी की बखरी मोठ्या, हे सगळं सोडतो. एक गोष्ट मात्र निवड करताना डोक्यात ठेवा. बखरकार स्वतःच्या हौसेने क्वचितच लिहितो, त्याला कुणीतरी लिहायला सांगितलेलं असतं, आणि सांगणारा कोण, कुठे बसून सांगतोय, त्याच्यावर काय प्रसंग आहे, यावर कागदावरचा राजा कसा दिसणार ते बरंचसं ठरून जातं.

शिवभारत हे काव्य महाराज हयात असतानाचं. नेवाशाचा परमानंद, पदवी कवींद्र, राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांच्याच इच्छेने संस्कृतात लिहितोय आणि गोष्ट सांगतोय काशीच्या पंडितांना. म्हणजे समोर कोण बसलंय बघा, ज्यांना हा राजा क्षत्रिय आहे, सूर्यवंशी आहे, पुराणातल्या राजांच्या रांगेत बसणारा आहे हे पटवायचंय ते लोक. सभासदाची तऱ्हा एकदम वेगळी. साल १६९७, ठिकाण तमिळ मुलखातला जिंजीचा किल्ला, मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा काही वर्षं चाललेला, संभाजी महाराज गेलेले, रायगड गेलेला, आणि राजाराम महाराज आपल्या वडिलांच्या वेळच्या माणसाला विचारतायत की थोरल्या राजांनी एवढा पराक्रम केला तो कसा केला ते लिहून काढा. कृष्णाजी अनंत सभासदाने ते लिहिलं तेव्हा महाराजांना जाऊन सतराच वर्षं झाली होती. आणि मल्हार रामराव चिटणीस लिहितात १८१० च्या आसपास, साताऱ्यात, धाकट्या शाहू महाराजांच्या सांगण्यावरून घेतलेलं काम, म्हणजे छत्रपती आहेत पण राज्य पेशव्यांच्या हातात आणि त्या पेशव्यांचेही दिवस भरत आलेले. मध्ये एकशे तीस वर्षं गेलीत.

शिवभारताचं आधी उरकतो, कारण त्याची अडचण सरळ आहे. काव्य म्हणून झकास. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्याची पोथी मिळाली, दिवेकरांनी १९२७ साली मराठी भाषांतरासकट छापलं, त्यामुळे संस्कृत येत नसलं तरी अडत नाही. उंबरखिंडीची लढाई वाचायची तर तिथेच वाचावी, मोगल सरदार कारतलबखान त्या अरुंद वाटेत कसा सापडतो, सोबत रायबागन ही मोगलांकडची बाई सरदार आहे, पाणी नाही, वारा नाही, वर झाडीत मावळे बसलेत, अंगावर काटा येतो. पण हे काव्य अपुरं आहे. एकतीस अध्याय झाले, बत्तिसावा जेमतेम सुरू होतो आणि पोथी संपते, काळ साधारण १६६१. म्हणजे लाल महाल नाही, सुरत नाही, पुरंदरचा तह नाही, आग्रा नाही, कोंढाणा नाही, आणि ज्या राज्याभिषेकासाठी हा सगळा थाट मांडला तो राज्याभिषेकही कथेत येत नाही. पहिलंच पुस्तक म्हणून घ्याल तर रंगात आलेला माणूस अर्ध्या वाटेत उठवल्यासारखं होतं. दुसरं म्हणून घ्या, आनंद होईल.

आता मुख्य सामना.

दोन्ही बखरी कशा वेगळ्या आहेत हे बघायला मी लोकांना नेहमी अफजलखानाचा प्रसंग काढायला सांगतो, कारण तो सगळ्यांना पाठ असतो आणि कोणी काय घातलं, काय काढलं ते लगेच कळतं. शिवभारतात देवी येऊन आशीर्वाद देते, खान आधी वार करतो आणि महाराज त्याच्या पोटात कृपाण खुपसतात. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यापुढे असलेली वाघनखं आणि बिचवा ही सभासदात भेटतात. देवीचा दृष्टान्त सभासदातही आहे, म्हणजे तो काही कोरडा कारकून नव्हे, आणि वर तो म्हणतो की खान म्हणजे दुर्योधनच, अंगाने तसाच आणि बुद्धीनेही तसाच, आणि त्याला एकट्या भीमाने मारलं तसं इथे राजा भीमच. बघा, खान मरून चाळीस वर्षंही झाली नाहीत आणि प्रतापगडाखालचा मांडव महाभारतात जाऊन बसला. दंतकथा म्हणतात ती अशी तयार होते, डोळ्यासमोर.

पण गंमत पुढे आहे. भीम-दुर्योधन म्हणून झाल्यावर सभासद लगेच काय करतो तर लूट मोजायला बसतो. पासष्ट हत्ती-हत्तिणी, चार हजार घोडे, बाराशे उंट, मग कापड, मग जवाहीर, मग नगद. जखमींना काय दिलं, पडले त्यांच्या बायकापोरांची सोय काय केली. एका पानावर महाभारत आणि दुसऱ्या पानावर जमाखर्च, आणि त्याला स्वतःला यात काही विचित्र वाटत नाही. हे आकडे खरे धरावेत असं मी म्हणत नाही, तुम्हीही धरू नका, पण ज्याच्या हाताला मोजायची सवय आहे असा माणूस लिहितोय हे कळतं आणि मला त्या सवयीचाच भरवसा वाटतो.

तानाजीचंही तसंच. सभासदात कोंढाणा जेमतेम पानभर आहे. मावळ्यांचा हजारी तानाजी मालुसरे म्हणतो गड आपण घेतो, पाचशे माणसं घेऊन जातो, कडा चढतात, गडाचा मोगल किल्लेदार उदेभान याच्याशी गाठ पडते, ढाल तुटते, दुसरी ढाल वेळेला येत नाही, मग डाव्या हाताचीच ढाल करून लढतो, दोघेही पडतात, तानाजीचा भाऊ सूर्याजी लोकांना आवरतो, गड घेतात आणि गवताच्या छपरांना आग लावून राजगडावर खूण देतात. घोरपड नाही, रायबाचं लग्न नाही, ते तुळशीदासाच्या पोवाड्यातून आलेलं. आणि शेवटी महाराजांच्या तोंडी वाक्य आहे ते ‘एक गड घेतला परंतु एक गड गेला’ एवढंच, त्यात सिंह कुठेच नाही. (सिंहगड हे नाव तर तानाजी पडायच्या आधीच्या कागदांत सापडतं, हे ट्रेकला सांगून बघा, अर्धा ग्रुप नाराज होतो.) मला विचाराल तर त्या तुटलेल्या ढालीपाशी जे होतं ते पुढच्या सगळ्या सजावटीत होत नाही. दुसरी ढाल वेळेला आली नाही, एवढंच लिहिलंय, कुठे रडणं नाही की भाषण नाही.

सभासदाचा खरा ऐवज मात्र लढायांत नाही, हे मला पहिल्या वाचनात लक्षात आलं नव्हतं कारण लोक तो भाग गाळायला सांगतात. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे अंमलदार एकाच तोलाचे ठेवायचे म्हणजे एकाला फितवून गड जाणार नाही. लष्करात पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरचे स्वार) एक हवालदार, पाच हवालदारांचा जुमला, दहा जुमल्यांचा हजारी. जमीन काठीने मोजायची, काठी पाच हात पाच मुठी, वीस काठ्या लांब-रुंद म्हणजे बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर, आणि पिकाच्या पाच वाटण्या करून तीन रयतेला, दोन सरकारात. पावसाळ्यात लष्कर छावणीला, दसऱ्याला बाहेर. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण न्यायची नाही, नेली तर गर्दन मारायची. परमुलखात पोरंबायका धरायच्या नाहीत, गाय धरायची नाही, बैल मात्र ओझ्यापुरता धरायला हरकत नाही. त्या बैलाच्या कलमाने मला जेवढा राजा दिसला तेवढा अवतार म्हटल्याने दिसला नाही. अवतार कुणीही म्हणेल, आणि सभासदही म्हणतोच, शंभू महादेवाचा दृष्टान्त पहिल्या काही पानांतच आहे, पण ओझ्याच्या बैलाला सूट कुणी कल्पनेने देत नाही हो, ते कुठेतरी खरंच ठरलेलं असणार.

आता चिटणीस. त्यांच्यावर अन्याय नको, कारण त्या बखरीत घेण्यासारखं पुष्कळ आहे आणि ज्यांना ती आवडते त्यांच्याशी मी वाद घालत नाही. एक तर वाचायला सोपी. उत्तर पेशवाईतली मराठी आपल्या जवळची आहे, वाक्यं लांब असली तरी लागतात, सभासदासारखं दर ओळीला फारसी शब्दाशी अडत नाही. आकाराने मोठी, प्रसंगाला पुढचा-मागचा संदर्भ, कोण कुणाचा कोण, राज्याभिषेकाचा विधी, दरबारातले मान, कारखाने, सगळं नीट लावून दिलेलं. आणि माणूस साधा नव्हे, बाळाजी आवजींच्या वंशातला, म्हणजे खुद्द महाराजांच्या चिटणिसाचं घर, घरात पिढ्यानपिढ्यांचं दफ्तर. शिवाय एकटे थोरले महाराज नाहीत, सप्तप्रकरणात्मक चरित्र म्हणतात त्याला, पुढच्या छत्रपतींपर्यंत सगळी साखळी मिळते. ग्रँट डफने १८२६ चा त्याचा मराठ्यांचा इतिहास लिहिताना ही बखर जवळ ठेवली होती आणि त्याच्यामार्फत इंग्रजीतून जगभर जो शिवाजी गेला त्यात चिटणिसांचा वाटा मोठा आहे. सुरुवातीला मलाही हीच जास्त आवडत होती, खोटं कशाला सांगू.

मग एक गोष्ट खटकायला लागली आणि एकदा खटकली ती खटकलीच.

वाचताना मी एक वही केली होती, फार काही शास्त्रशुद्ध नाही, डावीकडे प्रसंग, मध्ये बखर काय म्हणते आणि उजवीकडे जेधे शकावली. शकावली तुम्हाला माहीत असेल, कारीच्या जेधे देशमुखांकडची, टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी लोकांपुढे आणली, शके १५४० ते १६१९ पर्यंतच्या नुसत्या नोंदी, अमुक महिन्यात अमुक झालं, एक विशेषण नाही. (शेवटचं साल बघा, १६१९ म्हणजे १६९७, सभासदाने लिहिलं तेच. इकडे कुणीतरी तारखा जपत होतं आणि तिकडे जिंजीला कुणीतरी गोष्ट, एकमेकांना ठाऊकही नसताना.) तर सभासद वाचताना मधला रकाना तारखेच्या बाबतीत बहुतेक रिकामाच राहायचा, कारण तो तारखा देतच नाही, प्रसंगही पुढेमागे करतो, आणि मी उजवीकडून शकावलीतली तारीख उचलून त्या रिकाम्या जागेत भरायचो. जागा होती म्हणून भरता यायची. चिटणीस वाचताना जागाच नाही. तिथे आधीच काहीतरी ठाम लिहिलेलं, आणि ते शकावलीशी जुळलं नाही की खोडा.

सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे जन्मच. सभासद जन्मतिथी देत नाही. शकावली आणि शिवभारत, दोन एकमेकांशी संबंध नसलेली साधनं, एक कोरडी आणि एक नटवी, दोन्ही सांगतात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे आपली १९ फेब्रुवारी १६३०. आणि चिटणिसांसकट नंतरच्या बखरी म्हणतात शके १५४९ वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७. तीन वर्षांचा फरक, आणि तो फरक डफने उचलला, शाळेच्या पुस्तकांत गेला, आणि पुढे त्यावर आपल्याकडे किती वर्षं किती भांडणं झाली ते सांगायला नको. आता कुणी म्हणेल की चूक सगळ्यांची होते. होते की. माझी तक्रार चुकीबद्दल कमी आणि सुराबद्दल जास्त आहे. हाताशी एवढं दफ्तर असलेला माणूस, त्याने काही कागद बघितले असणारच, काही आजोबांकडून ऐकलं असणार, काही साताऱ्यात लोक म्हणत होते ते घेतलं असणार, पण हे कागदावरून, हे ऐकीव, असं तो कुठे वेगळं पाडत नाही. सगळं एकाच खात्रीच्या आवाजात. त्यामुळे होतं काय की त्यातलं जे खरंच दफ्तरातलं सोनं आहे त्यावरसुद्धा विश्वास ठेवायला हात धजत नाही. माझी वही त्या भागात इतकी खाडाखोडीची झाली की शेवटी चिटणिसांसाठी वेगळा रकाना करायचा नादच सोडला.

या खात्रीचा परिणाम राजाच्या चित्रावरही होतो असं मला वाटतं, आणि दंतकथा कशी घडते यात ज्यांना रस आहे त्यांनी हे तपासून बघावं. सभासदाचा राजा अवतार असला तरी अडतो, रागावतो, कष्टी होतो, तानाजी पडल्यावर ‘बहुत कष्टी’ असं सरळ लिहिलंय. चिटणिसांच्या काळापर्यंत सगळं घडून गेलेलं, मराठे अटकेपर्यंत जाऊन आलेले, पानिपत होऊन गेलेलं, त्यामुळे त्यांच्या राजाला पुढचं सगळं जणू आधीच माहीत आहे, प्रत्येक पाऊल योजून, शास्त्राला धरून, गुरूच्या आशीर्वादाने. समर्थांचा उल्लेख सभासदात नाही आणि चिटणिसांत आहे, यावर जे काही व्हायचं ते होत असतंच, त्यात मी इथे पडत नाही, पण १६९७ ला लिहिणाऱ्याला जे सांगायची गरज वाटली नाही ते १८१० ला लिहिणाऱ्याला वाटली, एवढी नोंद वाचकाने करून ठेवावी. माझ्यापुरतं सांगायचं तर ज्याला पुढचं माहीत आहे त्या राजाबरोबर अफजलखानाच्या भेटीला जाताना छातीत धडधडत नाही.

आणि एक घरगुती भानगड आहे ती पण सांगून टाकतो. संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये ज्या लोकांना कटात सामील म्हणून मृत्युदंड दिला त्यात अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद यांच्याबरोबर बाळाजी आवजी होते. म्हणजे मल्हार रामरावांचे पूर्वज. त्यांच्या बखरीतले संभाजी महाराज जे काळे रंगवलेले दिसतात त्यामागे हे आहे असं इतिहासकार वा. सी. बेंद्र्यांपासून अनेकांनी म्हटलंय, आणि ते चित्र मग नाटका-कादंबऱ्यांतून पिढ्यानपिढ्या चाललं. बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ मात्र पुढे त्याच गादीसाठी जिवावर उदार झाला, राजाराम महाराजांबरोबर जिंजीलाही होता, म्हणजे सभासद लिहीत होता तेव्हा हा माणूस त्याच परिसरात वावरत असणार. त्याच्याशी सभासदाचं काय बोलणं झालं असेल असा विचार माझ्या मनात उगाच येऊन जातो.

सभासदाची बाजू घेतोय खरा, पण तो धुतल्या तांदळाचा नाही हेही सांगायला हवं. महाराज आग्र्याला गेले होते आणि तो लिहितो दिल्ली. पेटारे आहेत, हिरोजी फर्जंद हात बाहेर ठेवून पलंगावर झोपलाय, सगळं आहे, पण शहर भलतंच. राज्याभिषेकाला एक कोटी बेचाळीस लाख होन (सोन्याची नाणी) खर्च आणि बत्तीस मणांचं सोन्याचं सिंहासन हे आकडे त्याचेच, आणि अनेक अभ्यासकांना ते फुगलेले वाटतात. महाराजांच्या सगळ्या गडांचा तो हिशेब देतो, जुने पन्नास, नवे एकशे अकरा, कर्नाटकातले एकोणऐंशी, एकूण दोनशे चाळीस. बेरीज बरोबर आहे, यादीवरून लोक वाद घालतात. आणि मालकाकडे डोळा तर आहेच. लिहायला सांगणारे राजाराम, तेव्हा थोरल्या महाराजांनी राज्याच्या दोन वाटण्या करायचं बोलून दाखवलं आणि संभाजी महाराज म्हणाले आपण दूधभात खाऊन साहेबांच्या पायांचं चिंतन करून राहीन, हा प्रसंग वाचताना कुणासाठी लिहिलाय हे विसरून चालत नाही. पण ते विसरू नये अशी सोय त्याने स्वतःच करून ठेवलीय, पहिल्याच परिच्छेदात, साहेबांनी विचारलं म्हणून लिहितो. मला हे बरं वाटतं. चिटणीसही छत्रपतींचं नाव घेतातच, पण १६८१ चं ते तुम्हाला बाहेरून कळावं लागतं.

वाचायला कठीण आहे का? थोडी. पहिली काही पानं जड जातात, तख्त, जमियत, तनखा, कारखाना असे शब्द आणि एका वाक्यात चार गोष्टी, विरामचिन्हं संपादकांनी घातलेली. पण बखर छोटी आहे, शनिवार-रविवारची जोडसुट्टी पुरते, आणि कानाला एकदा लय बसली की मोठ्याने वाचायला भारी वाटते. राज्याभिषेकाचं वर्णन संपवताना तो म्हणतो की पृथ्वीवर सगळीकडे पातशहा असताना मराठा एवढा छत्रपती झाला, ‘ही गोष्ट काही सामान्य जाली नाही’. मला त्या वाक्यातला संयम फार आवडतो. महाभारत हाताशी असणारा माणूस, भीम-दुर्योधन करून बसलेला, आणि सगळ्यात मोठ्या दिवशी त्याला एवढंच सुचलं. वेढ्यात बसून लिहिताना ते राज्य उरेल की नाही हेही नक्की नव्हतं, पुढच्याच वर्षी जिंजी पडली.

जाता जाता एक भलतंच नाव. गोव्यात मुरगावला कोश्म द ग्वार्द नावाच्या माणसाने १६९५ मध्ये पोर्तुगीजमध्ये महाराजांचं चरित्र लिहिलं, सभासदाच्याही दोन वर्षं आधी, छापलं गेलं ते १७३० ला लिस्बनमध्ये. माहिती म्हणून त्यावर विसंबता येत नाही, पण शत्रूच्या मुलखाशेजारी बसलेल्या परक्या माणसालाही पंधरा वर्षांच्या आत हे चरित्र लिहावंसं वाटलं. दंतकथा जिंजीत आणि साताऱ्यातच घडत होती असं नाही.

तर कुणी काय घ्यावं. तुम्हाला सातारच्या गादीचा सलग इतिहास हवा असेल, दरबार, मानपान, घराणी यात रस असेल, किंवा जुनी मराठी अजिबात झेपत नसेल तर चिटणीस घ्या, फक्त तारखा पेन्सिलने लिहा. संस्कृत काव्याची आवड असेल किंवा प्रतापगड, पन्हाळा, उंबरखिंड एवढंच डोक्यात असेल तर शिवभारत. बाकी कुणीही मला विचारलं तर मी सभासद पुढे करतो, आणि बरोबर जेधे शकावलीची एक प्रत, कारण ती दोन्ही मिळून एक पुस्तक होतं असं माझं मत आहे. काशिनाथ नारायण साने यांनी छापलेली जुनी आवृत्ती स्कॅन होऊन सहज मिळते, नवीन छापील घ्यायची तर तळटिपा असलेली आणि भाषा ‘सोपी’ न केलेली घ्या, सोपी केली की ती ढाल आणि तो बैल दोन्ही जातात. परदेशात वाढलेल्या मुलांना द्यायची असेल तर सुरेंद्रनाथ सेन यांचं १९२० चं इंग्रजी भाषांतर आहे, ते चांगलं आहे, टिपाही भरपूर. आणि सुरुवात पहिल्या पानापासून करायलाच हवी असं नाही, कोंढाण्यापासून करा, ते पान आधी स्वतःशी आणि मग घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, जमलं तर मग वंशावळीकडे वळा.